काम थांबवायचं कुणी?

नोव्हेंबर 2018 मध्ये पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, जमीन हलू लागली आणि पुढे कितीतरी महिने हलतच राहिली. 1 फेब्रुवारी 2019 चा धक्का 4 रिश्टरच्या वर गेला. मोठ्या भूकंपांच्या हिशेबात हा किरकोळच. पण उगम उथळ, आणि रात्री पुन्हा पुन्हा भांडी वाजू लागली की माणूस छपराखाली झोपत नाही. लोक तंबूत आले.

इथलं लाकडी खांबांवरचं कारवीच्या कुडाचं जुनं घर हलकं असतं. ते डुलतं आणि जागेवर येतं. विटांच्या भिंतीला हे जमत नाही, ती तडकते. गंमत अशी की कुडाच्या घराचा दर्जा तपासायला कुणी साहेब येत नाही. बांधणारा, राहणारा आणि लिंपणारा एकच. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र यांच्या बाबतीत मात्र पैसे एकाचे, काम दुसऱ्याचं, सही तिसऱ्याची आणि आत बसणारी पोरं चौथ्याची. दर्जा राखणं हे वेगळं खातं झालं ते यामुळे.

गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, 1854 मध्ये, सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. त्या परंपरेचा कणा म्हणजे मोजमाप पुस्तिका, जिला आजही सगळे एमबी म्हणतात. लांबी, रुंदी, उंची, दर. गुणाकार केला की बिल. चोरी पकडायला उत्तम. पण काँक्रीट किती हे एमबीत दिसतं, कसलं हे दिसत नाही.

त्याचं उत्तर पुढे प्रयोगशाळेत मिळालं. 1918 मध्ये अमेरिकेत डफ एब्रम्स यांनी दाखवून दिलं की काँक्रीटची ताकद मुख्यतः पाणी आणि सिमेंटच्या प्रमाणावर ठरते. पाणी वाढलं की ताकद घटते. ती ताकद मोजायला 150 मिमीचा क्यूब: साच्यात भरा, पाण्यात ठेवा, 7 आणि 28 दिवसांनी दाबून फोडा. चाचणी चोख आहे. पण क्यूब हौदात निवांत भिजत असतो आणि त्याच मिक्सरमधला माल वर स्लॅबवर एप्रिलच्या उन्हात तापत असतो. ज्या पाड्यावर त्या दिवसांत पिण्याच्या हंड्यासाठी वणवण, तिथे स्लॅबवर आळी करून पाणी कोण साठवणार? गोणपाट ओलं करून फोटो काढला की क्युरिंग झालं. शिवाय 28 व्या दिवशी क्यूब नापास झाला, तरी तोवर वरच्या भिंती चढलेल्या असतात.

30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपाने वेगळाच धडा दिला. जाडजूड दगडी भिंती, सांध्यात माती, डोक्यावर मातीचं जड धाबं. दगड मजबूतच होता; दगडाला दगड धरून नव्हता. म्हणजे नुसता माल चांगला असून भागत नाही, सांधाही चांगला लागतो. दारं-खिडक्यांच्या वरून भिंतीभोवती फिरणारा लिंटल पट्टा, कोपऱ्यातल्या उभ्या सळया यांचं महत्त्व तिथे हजारो जीव गेल्यावर पटलं. काँक्रीटच्या इमारतीतही तेच. कॉलमच्या रिंगची टोकं 135 अंशांत आत वळवावीत असं भूकंपाची संहिता सांगते. 90 अंशांवरच सोडलेली टोकं जोराच्या हादऱ्यात उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. खर्चात फरक जवळजवळ नाही. फिटरचा हात थोडा जास्त वेळ अडकतो, इतकंच. आणि एकदा काँक्रीट पडलं की ते टोक पुन्हा कुणाच्या नजरेला पडत नाही.

नंतर तपासून दर्जा येत नाही, तो काम होतानाच घडतो, हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग 1950 पासून जपानी कारखानदारांना सांगत होते. टोयोटात साध्या कामगारालाही दोरी ओढून अख्खी लाइन थांबवता यायची. आपण या विचारातले कागद घेतले, दोरी तिथेच राहिली. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत 2000 नंतर निरीक्षणाचे तीन स्तर आले, राज्याचे आणि केंद्राचे निरीक्षक आले. इमारतींना त्रयस्थ परीक्षण आलं. वाईट काहीच नाही. पण निरीक्षक येतो तो ठरलेल्या तारखेला, आणि स्लॅब पडतो तो मिक्सर मिळेल त्या दिवशी.

त्या दिवशी तिथे कोण असतं? मिस्त्री, मजूर आणि बघे. बघ्यांना कमी लेखू नये. दिवाळीनंतर इथली माणसं वसई-विरार, भिवंडीकडे बांधकामांवर जातात. तिथे टॉवरवर व्हायब्रेटर धरलेला माणूस गावी आपल्या पोराच्या शाळेचा स्लॅब लांबून बघतो. मालात पाणी जास्त पडतंय हे त्याला दिसतं. पण त्याने मिक्सर थांबवायचा कुठल्या अधिकारात?

डहाणू आणि तलासरी अनुसूचित क्षेत्रात येतात. अशा क्षेत्रातल्या पंचायतींसाठी केलेल्या 1996 च्या पेसा कायद्यानुसार ग्रामपंचायतीने निधीच्या विनियोगाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा असतो. तरतूद मोठी आहे, पण ती ग्रामपंचायतीच्या खर्चापुरती. आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा तिच्यात बसत नाही. आणि दाखला येतो पैसे खर्च झाल्यावर. मला वाटतं, ग्रामसभेने नेमलेले दोघे, त्यांतला एक तरी बांधकामावर राबलेला, स्लॅबच्या दिवशी हजर हवेत; त्यांनी हात वर केला तर अभियंता येईपर्यंत काम बंद. त्यांना यातलं काय कळतं, असं साहेब विचारतील. सळईचं गणित नाही कळणार. पण 300 मिमी उंचीच्या पत्र्याच्या कोनात माल भरायचा, कोन उचलायचा आणि माल किती पातळ आहे हे कळायला ढीग किती खाली बसला ते पट्टीने मोजायचं, याला पदवी लागत नाही. ठेकेदाराची हरकत जास्त रास्त आहे: अर्ध्यात थांबलेल्या स्लॅबला सांधा पडतो, आणि उभ्या मिक्सरचं भाडं कुणी सोसायचं? सांधा कुठे घ्यायचा हे आधी नकाशावर दाखवता येईल. भाड्यासाठी मात्र निविदेतच एक बाब धरावी लागेल.