पहिल्या मताचा प्रश्न

सार्वत्रिक निवडणूक संपून मतदानाच्या टक्केवारीची कोष्टके वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाली, की तरुण पिढीच्या नावाने बोटे मोडण्याचा परिपाठ आपल्या समाजात आता चांगलाच रुळला आहे. तरुणांना देशाची फिकीर उरली नाही, मतदानाच्या सुट्टीस रविवार जोडून ते सहलीला निघून जातात, असा हा अभियोग असतो. आणि तो करणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे वाडवडिलांनी केव्हाच मतदार यादीत घालून ठेवलेली असतात व मतदान केंद्रही त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असते. तरुणांत अनास्था मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु पहिले मत देण्याची वाट आपल्या व्यवस्थेने विनाकारण बिकट करून ठेवली आहे, आणि ते पहिले मत हुकले की पुढचीही हुकत जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशा आरोपाचा इतिहास उद्बोधक आहे. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीसाठी मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली याद्या तयार होत असता, लक्षावधी स्त्रियांनी नोंद करणाऱ्या कारकुनास आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची पत्नी किंवा तमक्याची मुलगी एवढीच ओळख त्यांनी दिली. अशा नोंदी ग्राह्य धरण्यास सेन यांनी नकार दिला आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. भारतीय स्त्रीला राज्यकारभारात रस नाही, असा निष्कर्ष त्या काळी कोणीही सहज काढला असता. परंतु नावे नोंदली गेली, शिक्षण पसरले, मतदान केंद्रे जवळ आली, आणि 2019 व 2024 या दोन्ही लोकसभा निवडणुकांत स्त्रियांच्या मतदानाचे प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित अधिकच भरले. म्हणजे ज्याला आपण स्वभावदोष समजत होतो, तो बहुतांशी दप्तराचा दोष होता.

तरुणांची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे 1919 च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या मताधिकारासाठी साक्ष दिली, तेव्हा मताची पात्रता मालमत्ता, शेतसारा व कर यांच्या मापाने ठरत असे. संविधानाच्या कलम 326 ने ती सारी मापे मोडून काढली व 21 वर्षे वयाच्या प्रत्येक नागरिकास समान मत दिले. पुढे 61 व्या घटनादुरुस्तीने, 28 मार्च 1989 पासून, ही मर्यादा 18 वर्षांवर आणली. मात्र वयाची अट खाली आणताना त्या वयाच्या जीवनक्रमाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. अठराव्या वर्षी माणूस शिक्षणासाठी वा पोटासाठी घर सोडतो, आणि आपली मतदार यादी तर घराच्या पत्त्यावर उभी आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी 18 व 19 वर्षे वयाच्या मतदारांची नोंद 1 कोटी 80 लाखांच्या आसपास झाली होती. या वयाच्या लोकसंख्येचा अंदाज पाहता निम्म्याहून अधिक मुलेमुली यादीतच नव्हती. त्यांचे मत मतदानाचा दिवस उजाडण्यापूर्वीच हरवले होते.

पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि नव्या पेठेत अभ्यासिकांच्या रांगा आहेत. बीड, परभणी, नांदेड, यवतमाळ या जिल्ह्यांतून आलेले तरुण तेथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करीत वर्षानुवर्षे राहतात. राहण्याची सोय कॉट बेसिसवर, जेवण मेसच्या डब्याचे, आणि समोरच्या टेबलावर राज्यघटनेचे पुस्तक, ज्यातील कलम 326 त्यांना मुखोद्गत असते. नाव गावच्या यादीत असेल, तर मतदानासाठी रात्रीची एसटी पकडून जाणे-येणे करावे लागते आणि त्या भाड्यापायी डब्याच्या पैशांना कात्री लागते. नाव पुण्यास आणावयाचे, तर नमुना 8 भरून वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. पण कॉटपुरत्या जागेचा भाडेकरार करून देण्यास घरमालक सहसा राजी नसतो. वसतिगृहातील विद्यार्थ्यास संस्थाप्रमुखाचा दाखला चालतो, परंतु अभ्यासिकेच्या दाखल्याला ती किंमत नाही. टपाली मत सैनिकास आहे, निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यास आहे. 85 वर्षांवरील वृद्धांना 2024 मध्ये घरी बसून मत देण्याची सवलत मिळाली, आणि ती सर्वथा योग्यच होती. परगावी राहणाऱ्या विद्यार्थ्यास मात्र यांपैकी काहीच नाही. दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना निवडणूक आयोगाने 2023 च्या जानेवारीत राजकीय पक्षांपुढे मांडला होता. तथापि पक्षांच्या शंकांपुढे ती योजना मार्गी लागली नाही.

पहिल्या मताला एवढे महत्त्व का द्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की मतदान ही बव्हंशी सवयीची बाब आहे. अमेरिकेतील न्यू हेवन येथे 1998 च्या निवडणुकीत गर्बर, ग्रीन व शाखर या अभ्यासकांनी काही मतदारांना मतदानास आवर्जून उद्युक्त केले. पुढील वर्षीच्या निवडणुकीत, कोणी आठवण करून न देताही, तेच मतदार इतरांपेक्षा अधिक प्रमाणात मतदानास आले. ऑस्ट्रियाने 2007 मध्ये मताचे वय 16 वर आणल्यानंतर तेथील काही याद्यांच्या अभ्यासात, बहुधा आईवडिलांच्या घरीच राहणारी 16-17 वर्षांची मुले 18 ते 20 वयोगटापेक्षा अधिक मतदान करताना आढळली. घराच्या आधाराने पडलेले पहिले पाऊल पुढच्या पावलांना वळण लावते, हेच यावरून दिसते.

नदीकाठच्या गावात मूल आधी उथळ पाण्यात हातपाय मारते आणि मग डोहात उतरते. लोकशाहीतील असे उथळ पाणी म्हणजे महाविद्यालय आणि नगरपालिका. पण महाराष्ट्राने ही दोन्ही ठिकाणे दीर्घकाळ कोरडी ठेवली. हिंसाचाराच्या भयाने 1994 च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका बंद केल्या. 2016 च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली खरी, परंतु अंमलबजावणी वर्षानुवर्षे लांबणीवर पडत गेली. मुंबई व पुणे महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, आणि प्रभागरचना व आरक्षण यांच्या वादात पुढील तीन वर्षांहून अधिक काळ या शहरांचा कारभार प्रशासकाच्या हुकमाने चालला. त्या वर्षी अठरा पूर्ण केलेल्या तरुणास आपल्या गल्लीतील पाणी, रस्ता, कचरा यांविषयी मत देण्याची संधी त्या काळात मिळालीच नाही. ज्याने नगरसेवक निवडला नाही, त्याच्याकडून खासदार निवडण्याच्या उत्साहाची अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

यावर उपाय अशक्य कोटीतले नाहीत. 2022 पासून मतदार नोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक ठरले आणि 17 वर्षे पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्ज करण्याची मुभा मिळाली. ही पावले स्वागतार्ह आहेत. बारावीच्या वर्गातच नोंदणी पूर्ण व्हावी, विद्यार्थ्यास टपाली मत मिळावे, आणि स्थानिक निवडणुका मुदतीतच होतील अशी हमी असावी. तरुणांनीही हे ओळखावे, की ज्यांचे मत पेटीत पडत नाही, त्यांच्या वसतिगृहांचा, शुल्काचा आणि रखडलेल्या भरतीचा प्रश्न सत्ताधाऱ्यांच्या यादीत नेहमी शेवटी येतो. अडचण खरी असली तरी तिच्यापुढे मान तुकवणे हा उपाय होऊ शकत नाही. आणि वडीलधाऱ्यांसाठी एवढेच सुचवावेसे वाटते: दिवाळीला मुले घरी आली, की सतरा-अठराची जी असतील, त्यांना शेजारी बसवून नव्या नोंदणीच्या नमुना 6 चा अर्ज सुट्टी संपण्यापूर्वी भरून घ्यावा, आणि टीका करावयाचीच असेल तर ती त्यानंतर करावी.