‘नाही’ म्हणता येतंय तोवर

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या देखभालीचा निर्णय बहुतेक वेळा बाथरूमच्या ओल्या फरशीवर होतो. आई घसरते, खुब्याचं हाड मोडतं, शस्त्रक्रिया होते आणि चार दिवसांत डॉक्टर म्हणतात, ‘आता घरी न्या.’ मग घाईघाईनं ब्यूरोला फोन, चोवीस तासांची बाई, भाड्याचा पलंग आणि आईनं कुणाकडे राहायचं यावर भावंडांची दबक्या आवाजातली बोलणी. जिनं पन्नास वर्षं घर चालवलं तिला यात कुणी काही विचारत नाही. ती औषधांच्या गुंगीत असते. हा तिच्यावरचा अन्याय आहे आणि तो टाळता येतो. ‘मला हे नको’ असं ठणकावून सांगण्याची ताकद तिच्यात असते, तेव्हाच देखभालीची व्यवस्था ठरवायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

‘पण अजून सगळं स्वतःचं स्वतः करते की!’ हे उत्तर मी कितीतरी घरांत ऐकलं आहे. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 साली माणसाचं स्वावलंबन जोखण्यासाठी सहा गोष्टी निश्चित केल्या: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणं, मलमूत्रावरचा ताबा आणि जेवण. बहुधा आंघोळ आधी सुटते, हातानं जेवणं सर्वांत शेवटी. या सहाही गोष्टी जमताहेत म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण त्याच्याही आधी हिशेब, औषधं, स्वयंपाक, बाजारहाट यांची घडी विस्कटू लागते. महिना संपला तरी बीपीच्या गोळ्यांची पट्टी निम्मी शिल्लक. विजेचं बिल दोनदा भरलेलं. तळ करपलेलं पातेलं ओट्याखाली दडवलेलं. रोजच्या देवळात जाणं हळूहळू बंद. ही चिन्हं आधी दिसतात ती भांडी घासणाऱ्या मावशींना आणि शेजाऱ्यांना. न्यू जर्सीतल्या किंवा बंगळुरूतल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर दिसतो तो खास त्या फोनसाठी केस विंचरून बसलेला चेहरा. मावशींना विचारा. त्यांना खूप माहीत असतं.

‘बाई ठेवली की आई खचेल’ ही भीती खोटी नाही. हातातलं काम काढून घेतलं की हातही ते विसरतात. म्हणून मदत अडतं तिथेच द्यावी. आंघोळीला भीती वाटते ना, मग बाथरूममध्ये धरायला दांडा बसवा आणि सकाळी दोन तास कुणीतरी असू द्या. मेथी तिला निवडू द्या. वडिलांना पासबुक भरून आणायचंय तर सोबत जा, पण रांगेत त्यांनाच उभं राहू द्या. अशी छोटी सुरुवात लवकर झाली, तर नको असलेली बाई बदलून मागण्याचा अधिकारही त्यांना बजावता येतो. अंथरुणाला खिळल्यावर येईल तिचा हात निमूट सोसावा लागतो.

कायद्याच्या बाजूनंही उशीर महाग पडतो. वडिलांनी मुखत्यारपत्र करून दिलंय म्हणून बरीच घरं निश्चिंत असतात. पण 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 201 नुसार, अधिकार देणाऱ्याची बुद्धी स्थिर राहिली नाही की त्यानं दिलेला अधिकारही संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंशात, ऐन गरजेच्या वेळी, तो कागद निरुपयोगी ठरतो आणि वडिलांच्याच पैशातून त्यांचा खर्च करण्यासाठी काही कुटुंबांना उच्च न्यायालयात जावं लागतं. साठीपुढच्या सुमारे 88 लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे. संयुक्त खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र ही कामं बुद्धी शाबूत असतानाच होऊ शकतात. आयुष्मान भारत योजना 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना खुली झाली, हे चांगलंच झालं. पण ती रुग्णालयातल्या उपचारांचा खर्च उचलते, घरच्या बाईचा पगार नाही. तो कुठून द्यायचा, हेही आधीच बोलावं लागतं.

आणखी एका माणसाबद्दल आपण फार कमी बोलतो. निर्णय लांबला म्हणून देखभाल थांबत नाही, ती कुणीतरी करतच असतं. बहुधा सून, नोकरी सोडलेली मुलगी, नाहीतर पंचाहत्तरीची बायको, जी ऐंशीच्या नवऱ्याला रात्रीतून तीनदा उठवून बसवते. तिची कंबर, तिची झोप, तिची चिडचिड या कशाचीच नोंद होत नाही. उलट बाहेरची मदत मागितली तर ‘आमचं करायला जड झालं का?’ हा प्रश्न तिच्याच वाट्याला येतो. माझ्या मते, करणारी थकली की वेळ आली. म्हाताऱ्या माणसाची तब्येत तेव्हा कितीही ठणठणीत असो. आणि बाहेरून येणारी बाईदेखील कुणाची तरी आई असते. तिला आठवड्याची सुटी आणि पुरेसा पगार देणं हा याच व्यवस्थेचा भाग धरायला हवा.

येत्या दिवाळीला भावंडं जमतील, तेव्हा आईवडिलांच्या पाठीमागे नव्हे, त्यांच्यासमोर हा विषय काढा. पडलात तर कुणाकडे राहायला आवडेल? कुणाच्या हातून आंघोळ चालेल? घर सोडावं लागलंच, तर कोणती गोष्ट अजिबात चालणार नाही? उत्तरं लिहून ठेवा आणि दर वर्षी पुन्हा विचारा. आईला आणि वडिलांना मात्र वेगवेगळं विचारा. दोघांची उत्तरं एकच असतील असं गृहीत धरू नका.