मातृस्वरूप सरोवर : सिरमौरची श्रीरेणुका

॥ श्रीरेणुकामाता प्रसन्न ॥

माहूरगडावर श्रीरेणुकामातेच्या दर्शनास गेलेल्या भाविकास गाभाऱ्यातील ते शेंदूरचर्चित, भव्य मुख आयुष्यभर विसरता येत नाही. या आदिशक्तीची तेथे पूर्ण मूर्ती नसून केवळ मुखच का, या प्रश्नाचे उत्तर देणारी कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. पित्याचे और्ध्वदेहिक आटोपल्यावर भगवान परशुराम मातेच्या वियोगाने व्याकुळ झाले. तेव्हा आकाशवाणी झाली की, माता भूमीतून प्रकट होऊन तुला दर्शन देईल. मात्र तोवर मागे वळून पाहू नकोस. परंतु पुत्राचे मन अधीर झाले, त्याने मागे वळून पाहिले आणि तोवर भूमीवर आलेले मातेचे मुख तेवढेच तेथे स्थिर झाले.

भाविकहो, महाराष्ट्रात मातेचे मुख ज्या श्रद्धेने पूजिले जाते, त्याच श्रद्धेने तिचा संपूर्ण देह जेथे जलरूपाने पूजिला जातो, असे एक स्थान हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत आहे. हिमाचल प्रदेशाच्या सिरमौर जिल्ह्यातील ते श्रीरेणुका सरोवर होय. तेथील लोक आदराने त्यास ‘श्रीरेणुकाजी’ म्हणतात. उत्तरेच्या यात्रेस निघणाऱ्या मराठी भाविकांना या स्थानाचे माहात्म्य कळावे आणि तेथे गेल्यावर आपले आचरण कसे असावे याचेही चिंतन घडावे, यासाठी हे निरूपण.

स्थानमाहात्म्य

नाहन हे सिरमौर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. तेथून सुमारे 40 किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता ददाहू या गावी जातो आणि गिरी नदी ओलांडून थोडे पुढे गेले की दोन डोंगररांगांच्या कुशीत हे सरोवर दिसू लागते. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे साडेसहाशे मीटर. पाणथळीचे क्षेत्र अवघे 20 हेक्टर, म्हणजे जवळजवळ 50 एकर. आपल्याकडील एखाद्या पाझर तलावाएवढेच! तरीही ते कोणी बांधलेले नाही. डोंगरातून येणारा लहानसा ओढा, भूगर्भातील चुनखडीच्या खडकातून पाझरणारे गोड्या पाण्याचे झरे आणि वर्षाकाळाचा पाऊस यांनी ते भरते. उंचावरून पाहिले असता सरोवराचा आकार निजलेल्या स्त्रीसारखा दिसतो. या निजलेल्या मातेच्या चरणांपाशी परशुराम ताल हे दुसरे लहान तळे आहे. पुत्राचे स्थान मातेच्या चरणी असावे, हा भाव तेथे निसर्गानेच रेखाटला आहे.

तेथील आख्यायिका अशी. या सरोवराचे पूर्वीचे नाव रामसरोवर. त्याच्या जवळच्या डोंगरावर जमदग्नी ऋषी तपश्चर्या करीत असत. कामधेनूच्या लोभाने सहस्रार्जुनाने ऋषींचा वध केला आणि त्याच्या तावडीत सापडू नये म्हणून रेणुकामातेने या सरोवरात उडी घेतली. त्याच क्षणी सरोवराने मातेचा आकार धारण केला. परशुरामांनी सहस्रार्जुनाचे पारिपत्य केले, पित्यास पुन्हा जीवन प्राप्त करून दिले आणि काठावर उभे राहून मातेस बाहेर येण्याची विनवणी केली. मातेने सांगितले की, आपला निवास आता या जलातच राहील. मात्र दरवर्षी देवप्रबोधिनी एकादशीस मायलेकरांची भेट होईल.

त्या वचनाप्रमाणे आजही कार्तिक शुद्ध दशमीस भगवान परशुरामांची पालखी जामू गावाहून वाजतगाजत सरोवराकडे येते आणि पौर्णिमेपर्यंत मोठा मेळा भरतो. इकडे चंद्रभागेच्या वाळवंटी कार्तिकी वारीचा सोहळा चालू असतो, त्याच एकादशीस तिकडे पुत्र मातेस भेटतो. माहूरची कथा आणि सिरमौरची कथा यांत तपशिलाचा भेद आहे. पण दोन्हींत मातेला भेटण्याची ओढ एकच आहे.

निसर्गवैभव

सरोवराभोवती सुमारे 3 किलोमीटरची प्रदक्षिणा आहे. ती घाईने करू नये. उतारांवर साल, ऐन, शिसू यांचे वन आहे. काठाशी वेत-लव्हाळ्यांसारख्या पाणवनस्पती आहेत. तांबट, साळुंकी, बुलबुल, बगळे, टिटव्या यांचे आवाज कानी पडतात. हिवाळ्यात रानबदके पाण्यावर उतरतात. वनात सांबर, भेकर आणि हिमालयातील घोरल हे प्राणी आहेत. घाटाजवळ मोठमोठे मासे आणि कासवे भाविकांच्या पावलांशी निर्भयपणे येतात, कारण येथे त्यांना कोणी मारत नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या श्रद्धेने या जीवांना दिलेले हे अभय होय.

या स्थानाची महती शास्त्रज्ञांनीही मान्य केली आहे. पाणथळ भूमींच्या रक्षणासाठी इराणमधील रामसर या गावी 1971 साली आंतरराष्ट्रीय करार झाला. त्या कराराखालील यादीत 8 नोव्हेंबर 2005 रोजी रेणुका सरोवराचा समावेश झाला. त्या वेळी भारतातून नोंदलेल्या स्थानांत हे आकाराने सर्वांत लहान होते. त्या नोंदीत पक्ष्यांच्या 103 जाती सांगितल्या असून त्यांपैकी 66 जाती बारमाही तेथेच राहणाऱ्या आहेत. 50 एकरांच्या आश्रयाने एवढी सृष्टी नांदते. मातेची कूस केवढी आहे याचे मोजमाप कोणी करावे?

रेणू आणि रेणुका

आता या निरूपणाच्या मुख्य विषयाकडे वळू. रेणू म्हणजे धुळीचा, वाळूचा सूक्ष्म कण. मातेच्या नावातच तो शब्द आहे. लोकपरंपरा सांगते की, रेणुकामाता रोज नदीवर जाई, ओल्या वाळूचा घट घडवी आणि तोच पाण्याने भरून पतीच्या होमासाठी आश्रमात आणी. तो घट भाजलेला नसे, त्यास कशाचा लेपही नसे. तिच्या मनाच्या एकाग्रतेने वाळूचे कण एकमेकांस धरून राहत आणि पाण्याचा एक थेंबही सांडत नसे. एके दिवशी नदीवर जलक्रीडा करणारा गंधर्व दृष्टीस पडला, मन क्षणभर विचलित झाले, आणि घट काही केल्या घडेना. वाळू वाळूच राहिली व पाणी हातून निसटले.

भाविकहो, या कथेत मातेचा दोष शोधण्याचे आपणास प्रयोजन नाही. कथा आपल्यासाठी आहे. कण धरून ठेवणारे काहीतरी असेल तरच पाणी टिकते, आणि ते धरणे क्षणभर सुटले तरी पाणी जाते, एवढाच तिचा अर्थ आज समजून घेतला तरी पुष्कळ आहे.

सरोवराभोवतीचे डोंगर पाहिले की हीच कथा तेथे रोज घडताना दिसते. हिमालयाच्या या खालच्या रांगा ठिसूळ आहेत. झाडांची मुळे मातीचा कण न् कण धरून ठेवतात. पावसाचे पाणी प्रथम पानांवर पडते, मग पाचोळ्यावर, मग हळूहळू जमिनीत मुरते आणि झऱ्यांच्या रूपाने निर्मळ होऊन सरोवरास मिळते. सारा डोंगर हाच जणू वाळूचा घट! परंतु उतारावरील झाडी गेली, कडे खणले गेले की कणांवरील पकड सुटते. तेच पाणी माती घेऊन धावते आणि ती माती मातेच्या देहावर गाळ होऊन बसते.

लहान सरोवरास हा गाळ फार जड जातो. पाणी उथळ होते. मातीबरोबर आणि टाकलेल्या, कुजणाऱ्या पदार्थांबरोबर खतही येते, त्यावर पाणवनस्पती बेसुमार वाढतात, त्या मेल्या की तळाशी साचतात व तळ आणखी वर येतो. कुजण्याच्या क्रियेत पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि ज्या माशांना आपण अभय दिले, तेच गुदमरतात. असे होत होत सरोवराची दलदल होते आणि दलदलीचे पुढे कुरण होते. रेणुका सरोवरास ही चिंता आहे, हे तेथील जाणत्यांनी वेळीच ओळखले. रामसर यादीच्या नोंदीतच धुपणाऱ्या उतारांवरून येणारा गाळ रोखण्याच्या कामाचा आणि पाणलोटात 50 हेक्टरांवर केलेल्या वृक्षलागवडीचा उल्लेख आहे. डोंगरावर रोपे लावणारे हात मातेचा घट पुन्हा घडवीत आहेत, असेच म्हटले पाहिजे.

ओटी कोठे वाहावी?

येथे एका नाजूक विषयाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. महाराष्ट्रातील माताभगिनी देवीची ओटी भरल्यावाचून परतत नाहीत. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, बांगड्या, साडी हे सर्व मनापासून वाहिलेले असते. जेथे देवीच जलरूप आहे, तेथे ओटी पाण्यात सोडावी असे वाटणे स्वाभाविक आहे. कोणी म्हणेल, आमच्या आजीनेही तीर्थात ओटी सोडली होती. मग आम्ही का नाही?

प्रश्न योग्य आहे व त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. आजीच्या ओटीतला खण सुती होता, ती पानाफुलांत बांधलेली होती आणि तीर्थावर येणारी माणसे मोजकी होती. आजच्या साडीचा धागा कृत्रिम असतो, ओटी प्लॅस्टिकच्या पिशवीतून येते आणि भाविक हजारोंनी येतात. तो धागा कुजत नाही, ती पिशवी विरघळत नाही. आजीचा भाव तोच ठेवायचा असेल, तर आज कृती बदलावी लागेल. गीतेत भगवंतांनी भक्ताजवळ पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे. आणि पाण्यात थुंकू नये, अमंगळ टाकू नये, हा दंडक आपल्या धर्मशास्त्राने फार पूर्वी घालून दिला आहे. निजलेल्या आईच्या अंगावर कोणी उष्टी पत्रावळ टाकतो काय?

म्हणून ओटी काठावरील मंदिरात मातेच्या चरणी अर्पण करावी. नारळ प्रसाद म्हणून वाटावा. तांदूळ अन्नदानात द्यावेत, साडी एखाद्या गरजू भगिनीस द्यावी. ओटी जिवंत स्त्रीच्या पदरात पडली, तर ती मातेस अधिक पोहोचते.

यात्रेकरूंनी पाळावयाचे नियम

1. सरोवरात साबण लावून स्नान करू नये, कपडे धुऊ नयेत. स्नान नेमून दिलेल्या घाटावरच करावे.

2. निर्माल्य, दिवे, पिशव्या, बाटल्या पाण्यात वा काठावर टाकू नयेत. नेलेली पिशवी परत आणावी.

3. माशांना कणकेचे गोळे घालण्याची तेथे प्रथा आहे. तेथील सूचना पाळाव्यात व हात आवरता ठेवावा. खाल्ले न गेलेले अन्न पाण्यात कुजते. बिस्किटे, फरसाण कदापि घालू नये.

4. प्रदक्षिणेत मोठ्याने ध्वनिवर्धक लावू नये. हे अभयारण्य आहे. पाखरांचे शब्द हीच तेथील भूपाळी समजावी.

5. पावसाळ्यात डोंगरी रस्त्यांवर दरडी कोसळतात, म्हणून चौकशी करूनच निघावे. कार्तिकात थंडी असते, तेव्हा वृद्धांसाठी गरम कपडे अवश्य न्यावेत.

उपसंहार

रेणुका सरोवरातून निघणारे पाणी परशुराम तालातून पुढे गिरी नदीस मिळते आणि गिरी यमुनेस मिळते. मातेच्या चरणांचे तीर्थ असे मथुरा-वृंदावनाकडे वाहत जाते. पुढे प्रयागी तेच गंगेत समर्पित होते. वर डोंगरावर धरून ठेवलेला एक कण खाली किती जणांचे पाणी निर्मळ ठेवतो, याचा यावरून विचार करावा.

परशुरामांची कथा आरंभी सांगितली. मागे वळून पाहण्याचा एक क्षण त्यांना आवरला नाही, म्हणून माहुरास मातेचे मुखच लाभले. सिरमौरात तिचा संपूर्ण देह लाभला आहे. तो तसाच राहील की गाळाखाली झाकला जाईल, हे आता देवाच्या हाती सोपवून मोकळे होता येणार नाही. घाटावर उभ्या असलेल्या भाविकाच्या हातातील पिशवीबाबत तो त्या क्षणी काय ठरवतो, यावरही ते अवलंबून आहे.

आणि ज्यांना एवढ्या दूरच्या यात्रेस जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. माहूरगडावर परशुरामांच्या स्मृतीचे मातृतीर्थ आहे. प्रत्येक गावास एखादे तळे, कुंड, बारव असते आणि त्याच्या वर एखादी टेकडी असते. त्या टेकडीवर एक झाड लावून जगवावे आणि त्या पाण्यात काही न टाकण्याचा नेम धरावा. वाळूचा घट घडविण्याचे मातेचे व्रत त्यातच आहे.

श्रीरेणुकामाता सर्व भाविकांस सद्बुद्धी देवो आणि तिचे जल निर्मळ राहो, हीच तिच्या चरणी प्रार्थना.

आईराजा उदो उदो!

॥ शुभं भवतु ॥