बीज धरण्याआधी

सावकाश बसा. समोर काचेचं भांडं आहे असं समजा. त्यात मोरचुदाचं निळं पाणी, एका बाजूला तांब्याची पट्टी, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीतली ग्राफाइटची कांडी. पट्टी बॅटरीच्या धन टोकाला जोडायची, कांडी ऋण टोकाला. इतक्यात जोडू नका. आधी नुसता रंग पाहा. मोरचूद तापवून कोरडा केला की पांढरा पडतो. निळाई येते ती पाण्यामुळे. द्रावणात तांब्याच्या प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे सहा रेणू असतात, चार जवळ, दोन जरा लांब.

आता तार जोडा. एक आयन कांडीपाशी येतो, भोवतीचं पाणी सोडतो, दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि अणू होतो.

इथे थांबा. हा अणू टिकेलच असं नाही. ग्राफाइटला त्याची फारशी ओढ नाही. तो सरकत राहतो, दुसरा भेटतो, तिसरा भेटतो, पुंजका जमतो. पण एवढ्याशा पुंजक्यात जवळजवळ सगळेच अणू काठावरचे. शेजार अपुरा, म्हणून परत द्रावणात जायला मोकळे. पुंजके जमतात, विरतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही.

या विरण्यावर मन ठेवा. पुंजक्याचा पृष्ठभाग त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, आतला ऐवज घनाने. ऊर्जेच्या हिशेबात पृष्ठभागाचा खर्च, ऐवजाची मिळकत. सुरुवातीला खर्च जड असतो. एका ठरावीक आकारापुढे मिळकत वरचढ होते आणि बीज धरतं. व्होल्टेज वाढवलं की तो आकार लहान होतो, बीजं पुष्कळ धरतात, थर बारीक कणांचा होतो. कांडीवर ओरखडा असेल तर तिथे आधी धरतात.

आता बीजातून वाढणाऱ्या एकाच स्फटिकाशी राहा. नवा अणू सपाटीवर रमत नाही. अर्धवट थराच्या पायरीची कड गाठतो, कडेवरच्या कोनाड्यात बसतो, कारण तिथे शेजारी जास्त. एकेक बसत ओळ पुरी होते.

भोवतालचं पाणीही पाहा. जवळचे आयन खर्ची पडले आहेत; त्या ओसरल्या घेरात नवं बीज सहसा धरत नाही. घेर वाढतात, एकमेकांना भिडतात. व्होल्टेज स्थिर ठेवलं तर मीटरवरचा प्रवाह आधी चढतो, मग उतरू लागतो. शारिफ्कर आणि हिल्स या संशोधकांनी १९८३ मध्ये या चढउतारावरून बीजं एकदम धरली की एकामागून एक, हे ओळखण्याची रीत मांडली.

शेवटी मनातल्या मनात व्होल्टेज खूप वाढवा. आयन पोचण्याआधीच मागणी होते. जे टोक पुढे आलं त्यालाच ताजं द्रावण मिळतं, त्याला फांद्या फुटतात, थर काळपट, भुसभुशीत होतो. बोट लावलं तरी निघतो. पुन्हा कमी करा. एक अँपिअर तासभर वाहिला तर जास्तीत जास्त १.१९ ग्रॅम तांबं बसेल. घाईने त्यात भर पडत नाही. ते चिवट बसेल की भुकटी होईल, एवढं मात्र तुमच्या हातात आहे.