दुसरे मत कुणाला?

मे १९५४. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हा त्याच्याच पोटात होता. लोकसभेची पोटनिवडणूक लागली होती. मतदारसंघ दुहेरी होता, म्हणजे एका जागेवर कुणीही उभे राहावे आणि दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते, तर सर्वसाधारण जागेसाठी प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. राज्यघटनेचा शिल्पकार आणि समाजवादी अर्थचिंतक एकाच वेळी धानाच्या या मुलखात मते मागत फिरत होते.

या निवडणुकीची एक आठवण आंबेडकरी चळवळीत अजून सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी हिशेब मांडला. आपल्या माणसांनी पहिले मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुणालाच देऊ नये. दुसरे मत ज्याला जाईल त्याची बेरीज वाढते आणि आपली किंमत घटते. या युक्तीला तेव्हा ‘मत कुजवणे’ म्हणत. बाबासाहेबांनी ती साफ नाकारली. हरलो तरी चालेल, पण मत कुजवायला सांगणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता म्हणतात.

निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. आंबेडकर आठ हजारांहून अधिक मतांनी काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पडले.

मत न कुजवण्याचा हा हट्ट कुठून आला, याचे एक उत्तर दोन वर्षे मागे, मुंबईत सापडते. १९५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत उत्तर मुंबईच्या दुहेरी मतदारसंघात आंबेडकर आणि मेहता हेच दोघे जोडीने उभे होते आणि दोघेही पडले होते. ७४ हजारांहून अधिक मते बाद ठरली होती. मते मुद्दाम कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार करून दोघांनी निवडणूक याचिकाही दाखल केली, पण ती फेटाळली गेली. ज्या हत्याराने आपण घायाळ झालो तेच दोन वर्षांनी हाती आले असता ते उचलायचे की नाही, असा प्रश्न भंडाऱ्यात उभा राहिला. वर्षानुवर्षे ‘साध्य-साधन विवेक’ या भारदस्त नावाखाली चर्चासत्रांत घोळवला जाणारा हा विषय तिथे उमेदवाराच्या पदरी रोकडा आला.

दुसरे मत राखून ठेवणे बेकायदा होते का? मुळीच नाही. दुसरे मत द्यायचे की नाही हे मतदाराच्या मर्जीवर होते. म्हणजे प्रश्न कायद्याच्या पुढचा होता. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी आंबेडकरांनी ग्रोट या इतिहासकाराचा आधार घेत ‘संवैधानिक नीती’ हा शब्द मांडला होता. कलमे पाळूनही घटनेचा आत्मा मारता येतो, आणि ही नीती उपजत नसते, ती लावून घ्यावी लागते, असा त्याचा रोख होता. व्याख्यानात हे वाक्य टाळ्या घेते. भंडाऱ्यात त्याची किंमत एक जागा होती.

विरोधी बाजूही हलकी नाही. १९३२च्या पुणे करारापासून आंबेडकरांची तक्रारच ही होती की संयुक्त मतदारसंघात दलितांचा प्रतिनिधी अखेर बहुसंख्याकांच्या मतांवर ठरतो. मग ज्यांच्याकडे एवढीच ताकद आहे त्यांनी ती उधळून का द्यावी? आपण दिलेल्या दुसऱ्या मताची परतफेड मेहतांचे मतदार करतीलच, याची हमी कुणी दिली होती? मेहतांचा विजय आणि आंबेडकरांचा पराभव शेजारी ठेवून पाहिले, तर देवाणघेवाण सारखी झाली नसावी असेच वाटते. दुबळ्याने नीतीने वागायचे आणि सबळाने हिशेबाने, ही वाटणी कुठल्या न्यायात बसते? हा आक्षेप ‘थोर मन’ असे म्हणून झटकता येत नाही.

आंबेडकरांना हे कळत नव्हते असे नाही. २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्याच्या डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीत, वकिलांसमोर, लोकशाही यशस्वी व्हायला काय काय लागते यावर ते बोलले होते. ढळढळीत विषमता नको, विरोधी पक्ष हवा, कायद्यापुढे आणि कारभारात समानता हवी, बहुमताची जुलूमशाही नको, अशा अटी सांगत ते शेवटी लोकविवेकावर आले. अन्याय कुणावरही होवो, ज्याला तो सोसावा लागत नाही त्याचेही मन अस्वस्थ व्हावे, असा तो विवेक. दक्षिण आफ्रिकेत भारतीय लोकांसाठी झटणाऱ्या गोऱ्या रेव्हरंड स्कॉटचे उदाहरण त्यांनी दिले आणि मग दक्षिण आफ्रिका आपल्याही गावागावांत आहे, जाऊन पाहा, असे सुनावले. अस्पृश्य नसलेला माणूस अस्पृश्यांसाठी उभा राहिलेला क्वचितच दिसतो, कारण लोकविवेकच नाही, हे त्यांचे निदान होते.

ही अट सर्वांत अवघड आहे. विरोधी पक्ष कायद्याने चालू ठेवता येतो, मतमोजणी यंत्रणेवर सोपवता येते. पण शेजाऱ्याचे दुःख टोचावे, यासाठी कुठले कलम लिहिणार?

त्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी जमावाने एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे ठार केले. राज्यभर खळबळ उडायला नोव्हेंबर उजाडला, तीही मुख्यतः दलितच रस्त्यावर उतरले म्हणून. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. गुन्ह्यामागे जात होती, हे ॲट्रॉसिटी कायद्याखाली सिद्ध झाल्याचे मात्र दोन्ही न्यायालयांनी मानले नाही. त्यानंतर खैरलांजीवर लेख झाले, पुस्तके झाली, परिसंवाद झाले. पुण्यात १९५२ साली सांगितलेली शेवटची अट त्या सगळ्यांच्या मध्यभागी होती.

मग व्याख्यान ऐकून विवेक जागा होतो का? बुद्धाने केसपुत्त गावच्या कालामांना ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः तपासून पाहा, असे सांगितले होते. म्हणजे ऐकणाऱ्याचे काम वक्ता बसल्यावर सुरू होते. १४ एप्रिलला किंवा २६ नोव्हेंबरला विदर्भातल्या एखाद्या सभागृहात पाहावे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, तासभर भाषण, आणि ‘वेळेअभावी’ प्रश्नोत्तरे रद्द. ऐकणाऱ्याचा जो वाटा, तोच आधी कापला जातो.

साध्य-साधनाच्या प्रश्नावरचे आंबेडकरांचे एक अखेरचे मोठे भाषण २० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत, जागतिक बौद्ध परिषदेत झाले. विषय होता बुद्ध आणि कार्ल मार्क्स. दोघांचे ध्येय दुःख आणि शोषण संपवण्याचे, पण वाटा निराळ्या. बळाने आणलेले बळ सरले की मोडते, मन वळवून आणलेले टिकते, असा त्यांचा युक्तिवाद होता. सोळा दिवसांनी ते गेले. हे भाषण बहुतेकदा बौद्ध आणि साम्यवादी यांच्या वादात वाचले जाते. अडीच वर्षांपूर्वीच्या भंडाऱ्याशेजारी ते ठेवले, तर साधन शुद्ध असावे म्हणणारा माणूस त्याचा भुर्दंड आधीच भरून आलेला दिसतो.

दुहेरी मतदारसंघ १९६१च्या कायद्याने गेले. भंडाऱ्याच्या मतदाराकडे आता एकच मत आहे आणि कुजवण्याची युक्ती जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत उरली आहे. १९५४च्या मे महिन्यात कुणी दुसरे मत दिले, कुणी मनातल्या मनात बाबासाहेबांचे न ऐकता ते दिलेच नाही, हे पेटीतून कळणार नव्हते. मत गुप्त होते.