मिरचीचे बारसे

शब्द आणि अर्थ यांचे नाते जन्मजात आहे की माणसांनी आपापसांत ठरवून घेतलेले, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांचा जो शतकानुशतकांचा कज्जा आहे, त्यात गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातला एक युक्तिवाद मला विद्यार्थिदशेपासून फार आवडत आलेला आहे. नाव उच्चारताच त्या नावामागची वस्तू खरोखर तेथे हजर होत असती, तर ‘अन्न’ म्हणणाऱ्याचे तोंड घासाने भरले असते, ‘अग्नी’ म्हणणाऱ्याचे पोळले असते आणि ‘खड्ग’ म्हणणाऱ्याचे चिरले असते. ज्या अर्थी असे काही घडत नाही, त्या अर्थी नाव हा केवळ संकेत आहे, अमुक शब्दाने अमुक वस्तू समजावी असा लोकांनी पाळलेला करार आहे, असा त्या युक्तिवादाचा रोख. गौतमाच्या काळी या देशात मिरची नव्हती; ती पोर्तुगीज गलबतांतून यायला अजून हजारावर वर्षे होती. ती असती तर अग्नी आणि खड्ग अशी दोन उदाहरणे शोधण्याचे श्रम त्याने खचित वाचवले असते, कारण दोहोंचे काम ती एकटीच करते.

हे सारे आठवण्याचे कारण माझ्या गच्चीवरची तिसरी कुंडी. तीन वर्षांपूर्वी मी टपालाने बियांची एक पुडी मागवली होती. पुडीवर ज्वाळा ओकणाऱ्या कवटीचे चित्र, त्याखाली ‘अस्सल भूत जोलोकिया’ ही अक्षरे, आणि त्याच्याही खाली तिखटपणाचा दहा लाखांपुढचा आकडा. विक्रेत्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तसे विक्रेते पुष्कळ आहेत. माघात बी टाकले, रोप धरले आणि आषाढात फळे लागली. भूत जोलोकियाचे फळ खाली लोंबते, त्याची साल खरबरीत आणि सुरकुतलेली असते. माझ्या रोपाची फळे सडपातळ, गुळगुळीत आणि आकाशाकडे टोक करून उभी. शेजारी आसामातल्या तेजपूरकडच्या एक बाई राहतात, त्यांना बोलावून दाखवले. त्यांनी एक फळ देठाशी खुडले, नखाने उभे चिरले, नाकाशी नेले आणि हसून म्हणाल्या, “काका, हिला वासच नाही. आमची मिरची घरात आली की आधी वासाने कळते. ही तुमच्याकडचीच कुणीतरी आहे.” खरेच होते. ती आपली लवंगी होती, नाही तर लवंगीची कुणी चुलत बहीण.

पुडीच्या किमतीचे मला फारसे वाटले नाही. वाटले ते याचे की, ज्या रोपाला मी पाच महिने पाणी घातले आणि ज्याच्याविषयी आल्यागेल्याला कौतुकाने सांगितले, ते त्या नावाचे कधी नव्हतेच. आणि रोपाकडे तरी दोष कसला, ते बिचारे आपल्या स्वभावानुसार निमूटपणे लवंगी होत राहिले होते. खोटा रुपया फरशीवर वाजवून पाहता येतो. बी वाजवून पाहता येत नाही. बियाण्याचे नाव हे अजून अस्तित्वात न आलेल्या वस्तूविषयीचे वचन असते, आणि ते मोडल्याचे ऋतू उलटून गेल्यावर कळते. शिवाय अतितिखट वाणांच्या नव्या संकरांना एकसारखी फळे धरू लागेपर्यंत सात-आठ पिढ्या निवडीत घालवाव्या लागतात. दुसऱ्याच पिढीचे बी नवे भीषण नाव देऊन विकणारा ज्या वस्तूचे नाव घेतो, ती त्याच्यापाशीही अद्याप नसते.

पतंजलीच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्य या यमाची जी चिकित्सा आहे, ती अशा वेळी मला कायद्याच्या कलमांपेक्षा अधिक उपयोगी वाटते. वाणी कशासाठी, तर आपल्याला झालेला बोध दुसऱ्याच्या ठायी पोहोचावा यासाठी, असे भाष्यकार प्रथम ठरवून टाकतो, आणि मग तिचे तीन दोष सांगतो: ती वंचित, म्हणजे ठकवणारी नसावी; भ्रान्त, म्हणजे बोलणाऱ्याच्याच चुकीतून आलेली नसावी; आणि प्रतिपत्तिवंध्य, म्हणजे ऐकणाऱ्याला काहीच बोध न करणारी नसावी. यांतला भ्रान्तीचा दोष मिरचीच्या बाबतीत इतका जुना आणि इतका सार्वत्रिक आहे की, तो दोष मानायलाही मन धजत नाही. ‘मिरची’ हे नावच मुळी मरीचाचे, म्हणजे मिऱ्याचे. परदेशातून आलेल्या या पाहुणीला आपण घरातल्या काळ्या मिऱ्याचे नाव उसने दिले. चवीच्या नावांत तर आपण याहून मोठा घोळ करून ठेवला आहे: संस्कृतातला ‘कटु’ म्हणजे तिखट, त्याचा मराठीत ‘कडू’ झाला, आणि कडूसाठी असलेला ‘तिक्त’ वैद्यांच्या पोथीत पडून राहिला. पंडितांचेही तेच. भूत जोलोकिया, हाबानेरो इत्यादी दाहक मिरच्या ज्या जातीत मोडतात, तिला निकोलाउस फॉन जाक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७७६ साली ‘कॅप्सिकम चिनेन्स’, म्हणजे चिनी मिरची, असे नाव दिले. ती मूळची चीनमधली अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. ती अमेरिका खंडातली निघाली. नाव मात्र तसेच चालू आहे, आणि त्याने आजवर कुणाची फसवणूक झाल्याचे ऐकिवात नाही.

चुकीच्या नावाने पाप घडते ते चूक लाभदायक ठरू लागल्यावर. आसामीत ‘जोलोकिया’ म्हणजे मिरची. त्यामागचे ‘भूत’ हे मुळात भोट, म्हणजे भूतानकडचे, असा अर्थ सांगतात. तिलाच कोणी ‘बिह जोलोकिया’, विषाची मिरची, म्हणतात. नागालँडात ती राजा मिरची, मणिपुरात ऊमोरोक, सिल्हेटकडे नागा मरिच. यांपैकी प्रत्येक नाव कुठल्या तरी स्वयंपाकघरात पिढ्यान्पिढ्या वापरलेले आहे. पाश्चात्त्य बाजाराने त्यांतून पिशाच तेवढे उचलले, इंग्रजीत ‘घोस्ट पेपर’ असा त्याचा तर्जुमा केला आणि बाटल्यांवर कवट्या छापल्या. भोटाचे भूत होणे ही भ्रान्ती. पण खुलासा झाल्यावरही भूत अधिक खपते म्हणून तेच चालू ठेवणे, याला भाष्यकाराने कोणत्या सदरात घातले असते हे सांगायला नको.

वंचनेचा अधिक सूक्ष्म प्रकार आकड्यांचा. विल्बर स्कोव्हिल या औषधशास्त्रज्ञाने १९१२ साली तिखटपणा मोजण्याची रीत बसवली, तीत माणसांची जीभ हेच प्रमाण होते: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करीत जायचा की चाखणाऱ्यांना तो जाणवेनासा व्हावा. आता तेच काम यंत्र करते आणि त्याचे उत्तर स्कोव्हिलच्या एककांत मांडले जाते. तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००० साली तिथल्या मिरचीचा ८,५५,००० हा आकडा प्रसिद्ध केला; पुढे न्यू मेक्सिकोतील विद्यापीठाच्या मोजणीवरून २००७ साली भूत जोलोकियाच्या नावे १०,०१,३०४ हा जागतिक विक्रम नोंदला गेला, आणि तेथून जी शर्यत सुरू झाली ती आजतागायत थांबलेली नाही. आता यातली गोम पाहा. तेजपूरचेच वाण ग्वाल्हेरच्या कोरड्या हवेत लावून पाहिले, तेव्हा त्यातले दाहक द्रव्य निम्म्याहूनही कमी भरले. २०१२ साली न्यू मेक्सिकोच्याच शेतात त्रिनिदाद मोरुगा स्कॉर्पियन या वाणाची सरासरी बारा लाखांच्या वर भरली, तर एखाददुसऱ्या झाडाने वीस लाखांची मर्यादा ओलांडली. जाहिरातीत आला तो वीस लाखांचा आकडा. तो खोटा आहे का? मुळीच नाही. एका झाडापुरता तो अक्षरशः खरा आहे. व्यासभाष्याचा टीकाकार वाचस्पतिमिश्र याने वंचित वाणीचे उदाहरण देताना नेमका युधिष्ठिर निवडला आहे, याचे मर्म मला येथे उमगले. अश्वत्थामा मेला हे वाक्य खरेच होते. त्या नावाचा हत्ती मेला होता. फसवणूक वाक्यात नव्हती, एका नावाच्या दोन धन्यांपैकी ऐकणारा कोणता समजणार हे बोलणाऱ्याला पक्के ठाऊक असण्यात होती. वीस लाखांचे एक झाड आणि त्याच नावाची पुडीतली बी, यांच्यात तोच हत्ती उभा आहे.

तिसऱ्या, वंध्य वाणीविषयी फार लिहीत नाही. ‘महाप्रलय’, ‘ज्वालामुखी’, ‘नरक’ असल्या नावांनी मिरचीविषयी काडीचेही ज्ञान होत नाही, एवढे पुरे.

मग नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा? जुने नैयायिक म्हणत की, या शब्दाने ही वस्तू समजावी ही ईश्वराची इच्छा, तिचेच नाव संकेत. त्यावर अडचण अशी आली की, काल जन्मलेल्या देवदत्ताचे नाव तर बापाने ठेवलेले. तेथे ईश्वर कुठून आणायचा? त्यांनी तोड काढली ती मला मोठी मार्मिक वाटते: अकराव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे अशी शास्त्राची आज्ञा आहे, म्हणून त्या आज्ञेच्या द्वारे बापाच्या तोंडून ईश्वरेच्छाच बोलते. म्हणजे नामकरण ही लहर नव्हे, मुखत्यारी आहे. आणि ती त्याला मिळते ज्याच्यावर त्या लेकराचे पोषण सोपवलेले आहे. या कसोटीवर मिरच्यांची बारशी लावून पाहावीत. इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात एका जोडप्याने बोर्नमथच्या दुकानातून आणलेल्या बांगलादेशी नागा मरिचातून निवड करीत करीत एक वाण काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘डॉर्सेट नागा’. त्यात निदान दोन्ही घराण्यांची कबुली आहे. ‘त्रिनिदाद स्कॉर्पियन बुच टी’चे बीज कॅरिबियन बेटातले, नाव ते जोपासणाऱ्या अमेरिकन माणसाचे, आणि २०११ चा विक्रम ऑस्ट्रेलियातल्या पिकाचा, बाप कोण आणि आत्या कोण, हे ठरवताना पंचांची पुरेवाट व्हावी. आपल्याकडे नागा मिरचीला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा नावाची सनद एका माणसाऐवजी भूमीला गेली, आणि हे मला अधिक न्याय्य वाटते, जरी तीच मिरची सीमेपलीकडे आसामात आणि मणिपुरातही तितकीच जुनी आहे. आपल्या २००१ च्या वाणसंरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या नावाची नोंदणी नाकारण्याची तरतूद आहे. टपालाने येणाऱ्या पुड्या त्या दप्तराच्या वाटेला जात नाहीत, ही गोष्ट निराळी.

दक्षिण कॅरोलायनातल्या एड करी या पैदासकाराची ‘कॅरोलायना रीपर’ ही मिरची २०१३ साली १५,६९,३०० या आकड्याने विक्रमी ठरली. रीपर म्हणजे विळा घेऊन फिरणारा मृत्यू. परंतु हे भयंकर नाव मिळण्यापूर्वी तिच्या मालकाच्या वहीत तिचे नाव होते ‘एचपी२२बी’: उच्चतर शक्ती, कुंडी क्रमांक २२, रोप ब. इतके सुंदर नाव मी दुसऱ्या कुठल्या मिरचीचे ऐकलेले नाही. त्यात ईश्वराचे स्मरण आहे आणि लगोलग पत्ता आहे. कुणीही जाऊन बाविसाव्या कुंडीत पाहावे आणि शहानिशा करून घ्यावी. पुढे रीपरच्या नावाने कुणीही काहीही विकू लागले. याच पैदासकाराच्या ‘पेपर एक्स’ या नव्या वाणाच्या नावे २०२३ साली २६,९३,००० चा विक्रम नोंदला गेला, पण त्याचे बी त्याने बाजारात सोडलेले नाही. रीपरच्या नकलांविषयीची त्याची तक्रार मला समजते. तरी ज्याचे बी कुणाच्या हाती नाही त्या मिरचीविषयी आपल्यापाशी आप्तवाक्याखेरीज प्रमाण उरत नाही, हेही खरे.

एक शंका मात्र मला पुष्कळ दिवस छळत होती. आमच्या संतपरंपरेने नामाला रूपाहून थोर मानले. भागवतातल्या अजामिळाने मरतेवेळी हाक मारली ती आपल्या धाकट्या मुलाला. मुलाचे नाव नारायण होते, आणि धावून आले ते विष्णुदूत. युधिष्ठिराच्या बाबतीत एका नावाचे दोन धनी असणे अधोगतीला कारण झाले, तर अजामिळाच्या बाबतीत तेच उद्धाराला. मग चुकीच्या वस्तूला थोर नाव दिले तर बिघडले कुठे, असे एखाद्या पुडीवाल्याने विचारले तर? मला सुचते ते उत्तर असे: अजामिळाची हाक चुकीच्या दारावर गेली तरी त्या दारामागे ओ देणारा होता. नाव कुणी कशाला दिले याहून, ते घेऊन हाक मारल्यावर ओ कोण देतो, यावर त्याचे खरेखोटेपण ठरते. मी त्या पुडीवरच्या पत्त्यावर दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही.

रोप अजून आहे. दोन पावसाळे काढून त्याचे खोड चांगले लाकडासारखे झाले आहे. मागच्या महिन्यात मी एका पत्र्याच्या तुकड्यावर ‘कुंडी तिसरी, पूर्वेचा कठडा, वाण अज्ञात’ असे रंगवून तो तारेने तिच्या खोडाला बांधला. ठेचा मात्र हिचा झकास होतो.