सजावट कीं सोंग?

जेवणाच्या पानावर निघालेला वाद बहुधा हात धुतांना संपतो. परंतु गेल्या उन्हाळ्यांत सिॲटल येथें आमच्या कन्येच्या घरीं एका संध्याकाळीं जो वाद निघाला तो अद्याप आमच्या मनांतून गेलेला नाहीं. आणि त्यांत चूक मुख्यतः आमची होती, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

त्या दिवशीं कन्येनें सामन मासा केला होता. मुंबईच्या बाजारांत रावसाला इंग्रजींत ‘इंडियन सामन’ म्हणण्याची चाल आहे. पण रावस आणि सामन यांचें नातें केवळ नांवापुरतें, कुळें अगदीं निराळीं. तळहाताएवढ्या, बिनकाट्याच्या, शेंदरी रंगाच्या त्या तुकड्यांना मीठ, लाल तिखट, थोडी मोहरीची पूड आणि तपकिरी साखर चोळून तिनें त्या ओव्हनमध्यें भाजावयास ठेवल्या. साखर पाहतां पाहतां करपते, आणि मासा जरा अधिक भाजला गेला कीं आंतून पांढरा द्रव सुटून वर थिजतो व मांस कोरडें पडतें. म्हणून ती सारखी वांकून आंत पाहत होती. तुकड्या बाहेर काढल्यावर त्यांवर तिनें पिकलेल्या आंब्याच्या बारीक फोडी, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबाचा रस यांची कच्चीच कोशिंबीर पसरली. (आंबा मेक्सिकोहून आलेला होता. त्याविषयीं रत्नागिरीच्या माणसानें मौन पाळावें हेंच उचित.)

दोन घांस खाऊन आम्ही म्हणालों, “मासा चांगला होता ना? मग त्याला लपवण्यासाठीं एवढा खटाटोप कशाला केलास?” बोलणें थट्टेचें होतें, पण तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाची थट्टाहि निकालासारखी ऐकूं येते. मुलीचा चेहरा उतरला. थोड्या वेळानें ती म्हणाली, “बाबा, आईच्या बांगड्याच्या कालवणांत कैरी असते, ती काय बांगडा लपवायला?” आमच्या सौभाग्यवतींनीं यावर कांहींच मत दिलें नाहीं, त्यांनीं फक्त भाताचें भांडें आमच्यापासून दूर सरकवलें.

प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादांत सॉक्रेटिसानें पाकक्रियेला मोठी अपमानकारक जागा दिली आहे. वैद्यक शरीराचें हित पाहतें, तर पाकक्रिया वैद्यकाचा वेष घेऊन केवळ जिभेची खुशामत करते. व्यायामानें खरी कांति येते, तर रंगरंगोटी तिची नक्कल करते. असा त्याचा युक्तिवाद आहे. म्हणजे स्वयंपाक आणि तोंडास रंग फांसणें हीं त्याच्या मतें एकाच जातीचीं कामें. हा संवाद आम्हीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला, आणि घरीं येऊन तिरफळ व कोकम घातलेलें कालवण मिटक्या मारीत भुरकलें. या दोहोंत कांहीं विसंगति आहे असें त्या रात्रीपर्यंत आम्हांस कधीं वाटलेंच नव्हतें.

माशाला फळाची जोड देणें ही गोष्ट आपल्याकडे कांहीं नवी नव्हे. कोकम काय, कैरी काय, अंबाडा काय, सारीं फळेंच. माशाच्या उग्र वासाला कारण होणारीं द्रव्यें क्षारधर्मी असतात व अम्लानें तीं बांधलीं जातात, हें रसायनशास्त्र ठाऊक नसतांनाहि आपल्या बायका तें शतकानुशतकें वापरीत आल्या आहेत. मग हें लपवणें नव्हे काय? एका अर्थानें आहेच. शिळ्या माशावर आंबट-तिखटाचा मारा करून तो ताजा म्हणून वाढणारे खानावळवाले आम्हीं पाहिले आहेत. परंतु तीच कैरी सकाळीं किनाऱ्यावर उतरलेल्या बांगड्यांत पडली, तर तिनें काय लपविलें? पदार्थ तोच, कृति तीच. एका ठिकाणीं सजावट, दुसऱ्या ठिकाणीं सोंग. सॉक्रेटिसानें कृतीवर जो दोष ठेवला तो कृतींत नसून, खाणाऱ्यास जें कळावयास हवें तें त्याच्यापासून राखून ठेवण्यांत आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे.

मिरचीचें उदाहरण तर याहून मौजेचें आहे. तिखट हा जिभेचा रस नव्हेच, असें आधुनिक शरीरशास्त्र म्हणतें. ज्या द्वारानें मज्जातंतूंना चटक्याची वर्दी मिळते, तेंच द्वार मिरचीनेंहि उघडतें; हा शोध डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेंतून १९९७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि पुढें २०२१ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांना त्याचा वांटा मिळाला. म्हणजे मिरची तोंडाला धडधडीत खोटें सांगते कीं आग लागली आहे! तरीहि मिरचीनें फसविलें म्हणून कोणी तक्रार करीत नाहीं. कारण ती पानांत आहे हें आपणांस ठाऊक असतें, आणि आपण तें खोटें मागून घेतों. आमच्या कन्येचा आंबा तर माशाच्या डोक्यावर उघडा बसला होता. त्यानें काय लपवावें?

हा विचार येथेंच संपला असता. परंतु दोन दिवसांनीं मासळी आणण्याचें काम आमच्याकडे आलें. दुकानांत बर्फावर तुकड्यांच्या रांगा मांडलेल्या होत्या. आमचा हात आपोआप अधिक लाल दिसणाऱ्या रांगेकडे गेला. आमच्या मातुःश्री कोळणीच्या पाटींतला मासा उचलून प्रथम त्याचे कल्ले उघडून पाहत; कल्ले लाल तर मासा ताजा, काळवंडलेले तर पाटीसकट परत. लाल रंग हा साक्षीदार आहे हा धडा आम्ही त्यांच्या पदराशीं उभे राहून शिकलों होतों. कन्येनें शेजारच्या चिठ्ठीवरील बारीक अक्षरांवर बोट ठेवलें: ‘रंग मिळविलेला’.

समुद्रांत मोकळ्या फिरणाऱ्या सामनचा रंग त्याच्या अन्नांतून येतो. कोळंबीच्या जातीचे जे बारीक जीव तो खातो, त्यांतील ॲस्टाझँथिन नांवाचें द्रव्य त्याच्या मांसांत साठत जातें. पिंजऱ्यांत वाढविलेल्या सामनला हें अन्न पुरेसें मिळत नाहीं. रंगद्रव्य न घातलेल्या खाद्यावर तो वाढला तर त्याचें मांस फिकट करडें राहतें. म्हणून तें द्रव्य, पुष्कळदां कारखान्यांत तयार केलेलें, त्याच्या खाद्यांत मिसळतात. किती लाल हवा हें ठरविण्यासाठीं २० पासून ३४ पर्यंत आंकडे घातलेला रंगांचा एक पंखा असतो. आपल्याकडे भिंतीचा रंग निवडतांना दुकानदार जशा पट्ट्या पुढें करतो, अगदीं तसा. २००३ सालीं सिॲटलच्याच वकिलांनीं मोठमोठ्या दुकानदारांवर याबद्दल दावे लावले, आणि त्यानंतर तीं बारीक अक्षरें दुकानांतून दिसूं लागलीं.

मासे वाढविणारांची बाजूहि ऐकली पाहिजे. द्रव्य मूलतः तेंच, माशाच्या प्रकृतीसहि तें उपकारक. मग समुद्रानें दिलें तर निसर्ग आणि माणसानें दिलें तर कपट, असें कां? हा प्रश्न दिसतो तितका पोकळ नाहीं. आमच्या मतें फरक द्रव्यांत नाहीं. फरक त्या आंकड्यांच्या पंख्यांत आहे. समुद्र माशाला लाल करतांना कोणा गिऱ्हाइकाचा डोळा समोर ठेवीत नाहीं. पंखा मात्र आमचाच डोळा मोजून बनविलेला. आमच्या मातुःश्रींच्या साक्षीदाराला कोणीतरी आधींच पढवून ठेवला होता. आणि पढविण्याची फी आम्हीच, लाल तुकडी निवडून, भरीत होतों. ज्यानें आंब्यावर लपवाछपवीचा आरोप केला, त्याचा हात कोणीकडे गेला होता हें कन्येनें बोलून दाखविलें नाहीं. बोलली असती तर बरें वाटलें असतें.

त्याच आठवड्यांत तिनें आम्हांस बॅलर्ड येथील जलद्वारें दाखविलीं. १९१७ सालीं खुल्या झालेल्या या जलद्वारांशेजारीं माशांना समुद्रांतून गोड्या पाण्यांत चढून जाण्यासाठीं पायऱ्या केलेल्या आहेत, आणि भिंतींत काचेच्या खिडक्या आहेत. खिडकीपलीकडे सॉकाय जातीचे सामन प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागीं पोहत होते. गोड्या पाण्यांत शिरल्यावर हा मासा अन्न घेत नाहीं. जन्मस्थानाचा वास ओळखून तो मूळ ओढ्यापर्यंत जातो. वासाच्या या ओळखीवर हॅस्लर यांनीं आपलें महत्त्वाचें संशोधन १९५१ सालीं प्रसिद्ध केलें. वाटेंत त्याच्या मांसांतला तांबडा रंग हळूहळू कातडींत व अंड्यांत उतरतो. बाहेरून तो लालभडक होतो, आंतून फिका पडतो, आणि अंडीं घातल्यावर मरतो. तो रंग त्यानें साठविला होता तो या कामासाठीं, आमच्या ताटासाठीं नव्हे.

काचेतून त्यांतील एकाचा डोळा आमच्याकडे वळलेला दिसला. तेव्हां लक्षांत आलें कीं, आठ दिवस सामन खाऊन आम्हीं त्या माशाला डोळा असतो हें पाहिलेंच नव्हतें. खवले नाहींत, डोकें नाहीं, कांटा नाहीं. चौकोनी तुकडी, वडीसारखी. त्या किनाऱ्यावरील अनेक मूळ रहिवासी जमातींत हंगामाचा पहिला सामन सर्वांनीं वांटून खावयाचा व त्याचीं हाडें पुन्हा पाण्यांत सोडावयाचीं, असा विधि आहे. त्यामागील श्रद्धेविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु हाडें हातांत धरणाऱ्या माणसास आपण काय खाल्लें याचा विसर पडणें कठीण, एवढें खरें. तुकडीला हाडेंच नसतात. सोंगाचा शोध घ्यावयाचा, तर तो आंब्याच्या फोडींपासून सुरू करणें ही आमची शुद्ध दिशाभूल होती.

निघण्याच्या आदल्या रात्रीं कन्येनें पुन्हा तोच पदार्थ केला. ‘किंग’ म्हणून जी सामनची मोठी जात आहे, तींतील कांहीं मासे जन्मतःच असे असतात कीं, समुद्रांतलें तेंच अन्न खाऊनहि त्यांच्या मांसांत रंग साठत नाहीं. तें पांढरें राहतें. पूर्वीं गिऱ्हाइकें तो मासा नाकारीत, म्हणून तो स्वस्तांत जाई. तिनें मुद्दाम शोधून तसला आणला होता. ताज्या, समुद्रांत वाढलेल्या, कोणीहि न रंगविलेल्या त्या पांढऱ्या तुकड्या आणि वर आंबा. “बाबा, घ्या,” ती म्हणाली. आमचा हात ताटावर क्षणभर थांबला. तो कां थांबला हें तिच्या ध्यानांत आलेंच. ती हसली, आणि तिनें आंब्याची आणखी एक चमचाभर कोशिंबीर आमच्या तुकडीवर घातली.